काळी म्हणजे किती काळी

गंगावेशीत माझं दुकान, चार फूट बाय सहा.
स्क्रीन बदलून मिळेल. चार्जर, कव्हर, रिंगलाइट भाड्यानं.
कट्ट्यावरची धार संपवून सातलिंग गवळी आला,
हाताला अजून दुधाचा वास.
"म्हशीचा फोटो काढून दे. चांगला.
पोरानं गिऱ्हाईक बघितलंय मिरजेचं,
फोटो बघितल्याबिगर बोलत न्हाई म्हणतंय."

म्हटलं, त्यात काय.

भर बाराच्या उन्हात तारीला गोठ्यासमोर उभी केली,
पंचगंगेवरनं धुऊन आणलेली,
अंगावर तेलाचा हात, शिंगांना हिंगूळ.
त्याच्याच फोनवर काढला.
सातलिंगनं फोन आडवा धरला, मग उभा.
"ही कुणाची म्हस?"

खरंच की. पडद्यावर राखाडी काहीतरी,
विझून दोन दिवस झालेल्या चुलीसारखं,
आणि मागची भिंत पांढरीफटक.

दुसरा काढला. तिसरा लांबनं, झूम करून:
तोंडाच्या ठिकऱ्या.
चौथ्याला फ्लॅश. डोळे हिरवे, भुताचे,
तारी दावं ताणून मागं सरली.
"आरं, भ्या दावू नगंस तिला. आटंल."

तेव्हा कुठं मी फोन उलटा करून बघितला.
कॅमेऱ्याच्या काचेवर अंगठा उमटलेला, सायीचा.
रोज धार काढून त्याच हातानं उचललेला फोन.
शर्टाच्या टोकानं पुसला,
निम्मं धुकं तिथंच गेलं.

उरलेलं निम्मं फोनच्या डोक्यात होतं.
त्याला वाटतं, जग सगळं मधल्याच रंगाचं.
काळं समोर आलं की बिचकतो, उजेड ओतत सुटतो,
माझ्या बहिणीच्या लग्नातल्या फोटोवाल्यासारखा.
अल्बमात तिचं तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या.
ती अजून उघडत नाही तो अल्बम.

साडेचारला परत गेलो.
तारी आता आत, दाराशी,
उजेड एका कुशीवरनं येणारा, थकलेला, पिवळा.
पडद्यावर तिच्या खांद्याला बोट लावलं.
शेजारी बारका सूर्य उगवला.
तो खाली ओढला.
काळी झाली. अजून ओढला.
"थांब. हितं," सातलिंग म्हणाला,
माप भरल्यावर धार थांबवावी तसा.

उभ्यानं काढलं तर नुसती पाठ दिसत होती.
म्हणून बसलो. शेणातच, नवी पँट होती.
तिच्या डोळ्याला डोळा आला,
झूम न करता, गुडघ्यानं सरकत सरकत,
तिचा श्वास मनगटाला लागेपर्यंत.
मग थांबलो. माशी बसली. उठली.
एक कान पुढं आला.

तो फोटो.
काळं काळंच राहिलेलं,
पाठीच्या कण्यावर उजेडाची एक निळसर रेघ,
डोळ्यात गोठ्याचं दार तांदळाएवढं,
दारात सातलिंग उभा,
आणि खाली बसलेलं कुणीतरी, मीच असणार.

सातलिंग काही बोलला नाही.
मिशीला हात लावला, काढला.
"पाठवू मिरजेला?"
"पाठिव की." बोट फिरवत मागं मागं गेला.
"ह्यो न्हवं. पयला. ती चूल."

पाच मिनिटांत उत्तर आलं:
म्हैस आजारी आहे का?

"बघ," तो गंभीरपणे म्हणाला,
"गिऱ्हाईकच न्हाई म्हणतंय. आता पोराला काय सांगावं?"
दावं सोडलं, तारीच्या मानेला खाजवलं.
"काच पुसल्याचं किती झालं?"

सकाळी काउंटरवर तांब्या होता, वर फेस.

अधनंमधनं येतो. रिचार्ज मारून घेतो.
फोन काउंटरवर ठेवतो तेव्हा
मला दर खेपेला वाटतं, बंदच पडलाय,
सगळा पडदा काळा.
मग डोळा दिसतो.